बादलीवरची फुलं

आमच्या जळकोटच्या घरी न्हाणीत एक जुनी पत्र्याची बादली होती. हिवाळ्यात पाणी तापेपर्यंत मी तिच्यासमोर उकिडवा बसायचो आणि तिच्या अंगावरची फुलं मोजायचो. फुलं म्हणजे रंगानं काढलेली नव्हेत हं. करड्या-चंदेरी पत्र्यावर बर्फ फोडून त्याचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवावेत तशी टोकेरी, वेडीवाकडी नक्षी. एक तुकडा लखलखीत, त्याला लागून असलेला मळकट, पलीकडचा पुन्हा लखलखीत. बादली जराशी फिरवली की मघाशी चमकणारा तुकडा विझायचा आणि विझलेला उजळायचा. आजी चुलीपुढून ओरडायची, “लेकरा, बादलीत काय बघायलास? पाणी उतू चाललंय की!”

ती नक्षी कुणी काढली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो.

लोखंडी पत्रा गंजू नये म्हणून कारखान्यात तो वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. बुडवायच्या हौदात ते ४५० अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. पत्रा बाहेर आला की अंगावरचं जस्त निवायला लागतं आणि निवता निवता गोठतं. पण सगळीकडे एकदम नाही. आधी कुठेतरी एक ठिपका गोठतो, थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. प्रत्येक ठिपक्यापासून स्फटिक चारी बाजूंना पसरत जातो आणि शेजाऱ्याला भिडला की थांबतो. बादलीवरचं एकेक फूल म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक! आणि तुकडे वेगवेगळे का चमकतात? प्रत्येक स्फटिकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं म्हणून.

तुमच्या गोठ्यावरचा किंवा शाळेच्या शेडचा जुना पत्रा आज नीट बघा. नव्या पत्र्यांवर ही फुलं बारीक असतात आणि रंगीत पत्र्यांवर तर दिसतच नाहीत, म्हणून जुनाच शोधा. एरवी धातूच्या आतले स्फटिक बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. इथे ते आपल्या डोक्यावर उघडे पडलेले आहेत.

आता सायकलच्या दुकानात चला. दुकानदार काकांना शंभर-दीडशे छर्रे मागा, चाकाच्या आत असतात ते. सगळे एकाच मापाचे हवेत. काठ असलेल्या ताटलीत ते एका थरात पसरा, ताटली थोडी तिरपी धरा आणि बुडाला हळूच टिचक्या मारा. बघा, छर्रे आपोआप रांगा धरतात. कुठलाही एक छर्रा निवडा आणि त्याच्याभोवतीचे मोजा: सहा. त्याच्या शेजाऱ्याभोवतीही सहा. मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी! पण सगळ्या ताटलीभर एकच मांडणी होत नाही. या कोपऱ्यातल्या रांगा एका दिशेला जातात, त्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या. दोन वस्त्या जिथे भेटतात तिथे रांगा जुळत नाहीत, थोडी फट राहते. शेजारच्या दोन शेतांमध्ये बांध असतो ना, अगदी तसाच बांध तिथे तयार होतो.

छर्रा म्हणजे अणू समजा. एकसारख्या रांगा असलेली वस्ती म्हणजे धातूचा एक दाणा. आणि दोन दाण्यांमधली फट म्हणजे बांध. लोखंड, तांबं, सोनं, आईच्या कुकरचं ॲल्युमिनियम, सगळे धातू अशाच दाण्यांचे बनलेले असतात. मात्र हे दाणे फार बारीक. ज्या धातूची गोष्ट मी आज सांगणार आहे, त्याच्या चांगल्या पत्र्यात एका दाण्याची रुंदी १०-२० मायक्रॉन असते. म्हणजे तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत चार ते सात दाणे शेजारी शेजारी बसतील.

आता एक शब्द घेऊ: पोत. हा शब्द तुमच्या घरात रोज असतो. बाबा म्हणतात, “या रानाचा पोत चांगला आहे.” कापडाच्या दुकानात आई बोटांनी कापड चोळून त्याचा पोत बघते. धातूलाही पोत असतो, त्याचा अर्थ मात्र थोडा वेगळा आहे. फुलोऱ्यात आलेलं सूर्यफुलाचं रान आठवा. झाडं हजारो, प्रत्येक झाड वेगळं, पण फुलं पुरती उमलली की जवळजवळ सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे! धातूच्या दाण्यांची तोंडं अशी एकाच दिशेला वळलेली असली, की त्या धातूचा पोत पक्का आहे असं म्हणायचं. तोंडं सैरावैरा असली तर पोत सैल.

पोत पक्का असला म्हणून काय बिघडतं? खिशातला रुमाल काढा. उभ्या धाग्याच्या दिशेनं ओढा: ताणत नाही. आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढा: ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. कसा लांबला! शिंपीमामा याला उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला लावायची पट्टी ते मुद्दाम उरेब कापतात, म्हणजे ती वळणावर नीट बसते. कापड तेच, धागे तेच, पण कुठल्या दिशेनं ओढलं यावर सगळं ठरतं. धातूचंही असंच आहे, आणि मॅग्नेशियमचं तर फारच.

मॅग्नेशियम तुमच्या ओळखीचं आहे. दहावीतल्या ताई-दादांनी प्रयोगशाळेत त्याची फीत जाळली असेल. असा पांढराशुभ्र उजेड पडतो की सर आधीच बजावतात, थेट बघू नका. त्याही आधीपासूनची ओळख शेतातली आहे. सोयाबीनचं पान हिरवं का? हरितद्रव्यामुळे. आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या बरोब्बर मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. कपाशीवर लाल्या पडला की पानं लाल होतात. त्याची कारणं बरीच असतात, त्यातलं एक म्हणजे झाडाला मॅग्नेशियम कमी पडणं. म्हणून शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यातही ते सव्वा ग्रॅमच्या वर असतं. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये ते पहिल्यांदा धातूच्या रूपात वेगळं केलं.

या धातूची मोठी गंमत म्हणजे त्याचं वजन. एक लिटरचा तांब्या लोखंडानं भरला असं समजा. आतल्या लोखंडाचं वजन होईल जवळजवळ ७ किलो ८७० ग्रॅम. ॲल्युमिनियमनं भरला तर २ किलो ७०० ग्रॅम. आणि मॅग्नेशियमनं भरला तर फक्त १ किलो ७४० ग्रॅम! रोजच्या कामात बांधणीसाठी वापरतात त्या धातूंमध्ये याच्याइतका हलका दुसरा नाही. कॅमेऱ्यांचे सांगाडे, काही लॅपटॉपच्या चौकटी, गाड्यांच्या स्टिअरिंगच्या आतली कडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात.

मग सगळ्या गाड्या, सगळे रेल्वेचे डबे याचेच का करत नाहीत? हा प्रश्न आमच्या लातूर जिल्ह्यात विचारायला फार योग्य आहे. लातूरला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा राहिला. त्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. रेल्वेचा डबा जितका हलका, तितकी ओढायला वीज कमी. पण डबा करायचा म्हणजे पत्रा वाकवावा लागतो, दाबून त्याला आकार द्यावा लागतो. आणि नेमकं इथेच मॅग्नेशियम अडून बसतं. साध्या, थंड मॅग्नेशियमचा पत्रा ॲल्युमिनियमसारखा दुमडायला जा, काठाला चिरा पडतात आणि तो तुटतो.

का तुटतो? याचं उत्तर आजीच्या दुरडीत आहे.

दुरडीत ज्वारीच्या भाकरींची चळत लावलेली असते. वरच्या चार भाकरी बाजूला ढकला: सहज सरकतात. आता तीच चळत वरून तळव्यानं दाबा. भाकरी मोडेल, पण चळत काही आडवी पसरणार नाही. (भाकरींशी खेळलात तर आजी रागावेल, म्हणून पत्त्यांचा कॅट घ्या.) धातू वाकतो, लांबतो तेव्हा आतमध्ये असंच होतं: अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. ताटलीतल्या छर्ऱ्यांचा थर आठवा. त्याच्या खळग्यांत दुसरा थर बसवला, त्यावर तिसरा, अशी चळत झाली की स्फटिक तयार. मॅग्नेशियममध्ये तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येतो, चौथा दुसऱ्याच्या डोक्यावर. आपल्या बादलीवरचं जस्तही याच घराण्यातलं. तांब्यात आणि ॲल्युमिनियममध्ये तिसरा थर थोडा बाजूला सरकून बसतो आणि चौथा पहिल्याच्या डोक्यावर येतो.

फरक एवढासाच वाटतो ना? पण त्याचा परिणाम बघा. तांब्याच्या स्फटिकात असे दाट, सहज सरकणारे थर चार वेगवेगळ्या दिशांना सापडतात. तुम्ही कुठूनही ठोका, कुठली ना कुठली चळत सरकायला तयार असते. म्हणून पुण्याच्या तांबट आळीत कारागीर तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचा घडा करू शकतात. मॅग्नेशियममध्ये सहज सरकणारी चळत एकच. तिच्या दिशेनं ढकललं तर लोण्यासारखं, दुसरीकडून दाबलं तर हट्टी.

आता पत्रा कसा करतात ते आठवा. पोळी लाटतो तसा. मॅग्नेशियमची जाड लादी ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापवायची, कारण इतक्या उष्णतेला दुसऱ्या दिशांचे थरही सरकायला तयार होतात. आणि मग दोन रुळांमधून पुन्हा पुन्हा लाटायची. लाटताना प्रत्येक दाणा थोडा थोडा फिरत जातो. शेवटी काय होतं? एकूणएक दाण्यांतल्या भाकरी पत्र्याला समांतर, आडव्या पडतात. सूर्यफुलांची तोंडं पूर्वेकडे, तशी या सगळ्यांची तोंडं आभाळाकडे! पोत एकदम पक्का. असा पत्रा वाकवायचा तर वळणावर त्याची जाडी थोडी कमी-जास्त व्हावी लागते. पण सगळ्या चळती आडव्या पडलेल्या. जाडी कमी होणार कशी? भाकरी वरून दाबल्या तर सरकत नाहीत, हे आपण आत्ताच पाहिलं.

तरी मॅग्नेशियमकडे एक युक्ती शिल्लक असते, आणि ती मला फार आवडते. पुरता कोंडीत सापडलेला दाणा कधी कधी चक्क कुशीवर वळतो! त्याच्या आतला एक पट्टा क्षणार्धात ८६ अंशांनी, म्हणजे जवळजवळ काटकोनात, वळतो आणि आडवी चळत उभी राहते. मूळ भाग आणि वळलेला भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे दिसतात, म्हणून याला जुळं होणं म्हणतात.

हा असला प्रकार माणसाच्या कानाला ऐकू येतो, हे सांगितलं तर विश्वास बसेल? मॅग्नेशियमची नाही, कथलाची गोष्ट सांगतो. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा. खड्ड्यात कोळसे, शेजारी चामड्याचा भाता, पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापवून तो त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर भस्सकन वर जायचा, आणि मग कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका फटक्यात सगळं पातेलं चांदीसारखं करायचा. एकदा त्यानं कांडी माझ्या कानाजवळ आणून हळूच वाकवली. करर्र... करर्र... एखादं दार दुरून कुरकुरावं तसा बारीक आवाज. मी विचारलं, “काका, आत काय आहे?” तो म्हणाला, “कथील रडायलंय.” इंग्रजीतही लोक याला कथलाचं रडणंच म्हणतात, हे मला पुढे कळलं. ते रडणं म्हणजे आतले स्फटिक कटाकट वळून जुळी होत असल्याचा आवाज! शुद्ध कथलाची कांडी कुठे मिळाली तर वाकवून बघा. कान अगदी जवळ न्या.

पण मॅग्नेशियमची ही वळायची युक्ती सगळीकडे चालत नाही. लाटलेल्या पत्र्यात दाणे अशा बाजूला पडलेले असतात की पत्रा ताणला तरी ते वळत नाहीत. म्हणजे सरकायला जागा नाही आणि वळायचीही सोय नाही. तेव्हा चीर पडते.

यावर उपाय काय? तापवणं.

तापवण्याचा उपाय आपल्याकडे प्रत्येक लोहाराला ठाऊक असतो. पेरणीआधी बाबा फाळ शेवटून आणतात, तेव्हा सोबत जा. भाता फुंकला जातो, लोखंड लाल होतं, मग केशरी होतं, ऐरणीवर घण पडतात आणि ठिणग्या उडतात. विळा पाण्यात बुडवला की चर्रर्र होतं आणि धार कडक होते. याला पाणी देणं म्हणतात. लोहारमामा थर्मामीटर वापरत नाहीत. नुसत्या रंगावरून ते कितीतरी अंश अचूक ओळखतात. मला त्यांच्या डोळ्यांचं फार कौतुक वाटतं.

एक प्रयोग घरी करता येईल, पण मोठ्या माणसाला सोबत घेऊनच. जुन्या फिटिंगमधून काढलेल्या, कशालाही न जोडलेल्या तांब्याच्या जाड तारेचा वीतभर तुकडा घ्या, वरचं प्लास्टिक सोलून टाका आणि तार दहा-बारा वेळा वाकवा, सरळ करा, वाकवा. ती हळूहळू ताठ होत जाते, हाताला कळतं. आता मोठ्या माणसानं ती पकडीत धरून गॅसवर लाल करायची आणि पूर्ण निवू द्यायची. पुन्हा वाकवा. मेणासारखी मऊ! हीच तार लाल असताना पाण्यात बुडवली तरी ती मऊच राहते. विळा पाण्यानं कडक होतो आणि तांबं होत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चकित झालो होतो. विळा कडक होतो तो पोलादातल्या कार्बनमुळे; तांब्यात तो नाहीच.

तार मऊ झाली म्हणजे आत काय झालं? वाकवून वाकवून जुन्या दाण्यांमध्ये रांगा विस्कटल्या होत्या, एकमेकांत अडकल्या होत्या. उष्णता मिळाली तशी अणूंना हलायला ताकद आली. मग बांधाच्या कडेला, जिथे विस्कट सगळ्यात जास्त असतो तिथे, अगदी छोटे, स्वच्छ रांगांचे नवे दाणे जन्माला आले. ते वाढू लागले आणि वाढता वाढता जुन्या विस्कटलेल्या दाण्यांना गिळत गेले. सगळा जुना धातू संपून जागच्या जागी नवा तयार झाला. तार वितळली नाही, तिचा आकार बदलला नाही, आणि तरी आतली सगळी वस्ती नवी!

मॅग्नेशियमच्या लाटलेल्या पत्र्यालाही असंच तापवतात. एझेड-३१ नावाचा एक नेहमीचा मिश्रधातू आहे: त्यात सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का जस्त आणि बाकी जवळजवळ सगळं मॅग्नेशियम. त्याला साधारण ३४५ अंशांना भट्टीत ठेवतात. ही उष्णता पुऱ्यांच्या तेलापेक्षा बरीच जास्त, पण लोहाराच्या लाल लोखंडाच्या मानानं निम्म्याहूनही कमी. त्यामुळे पत्रा लालबिल होत नाही. भट्टीत डोकावलं तर काहीच घडताना दिसत नाही, आणि आत लाखो दाण्यांचा जन्म चाललेला असतो.

आता तुम्हाला वाटेल, नवे दाणे जन्मले म्हणजे नव्या दिशा, पोत सैल, प्रश्न सुटला. शास्त्रज्ञांनाही तशीच आशा होती. पण एझेड-३१ मध्ये होतं काय, की नवी बाळं आई-बापांच्याच वळणावर जातात! नवा दाणा बहुतेक वेळा जुन्यासारखंच आभाळाकडे तोंड करून जन्मतो आणि तसाच वाढतो. आणखी तापवलं तर दाणे मोठे होतात, पण तोंडं तिकडेच. पत्रा थोडा मऊ होतो, त्याचा हट्ट काही जात नाही.

आणि इथे गोष्टीला वळण मिळतं, ते एका चिमटीमुळे. सिरियम, निओडिमियम, गॅडोलिनियम, इट्रियम अशी काही मूलद्रव्यं आहेत. त्यातलं एखादं मॅग्नेशियममध्ये अगदी थोडं घालायचं. कित्येकदा शंभर भागांत एक भागही पुरे होतो. भाजीत मीठ घालतो, त्याहून फार नाही. आता लाटा, तापवा, आणि बघा: नव्या दाण्यांची तोंडं चहूकडे! कुणी डावीकडे कललेला, कुणी उजवीकडे, कुणी जवळजवळ आडवा. सूर्यफुलांचं रान मोडून तिथे जत्रा भरावी, आणि प्रत्येकानं वेगळ्या दुकानाकडे बघावं तसं. असा पत्रा थंड असतानाही पुष्कळ जास्त वाकतो.

एवढ्याशा चिमटीत इतकी ताकद कुठून आली? या मूलद्रव्यांचे अणू मॅग्नेशियमच्या अणूंपेक्षा अंगानं मोठे. रांगेत त्यांना अडचण होते, म्हणून ते बांधावर जाऊन बसतात. तिथे फट असते ना! नवा दाणा वाढतो म्हणजे त्याचा बांध पुढे सरकतो. बांधावर हे जाडजूड पाहुणे ठाण मांडून बसले की बांध जड होतो आणि सावकाश सरकतो. एरवी आभाळाकडे तोंड असलेले दाणे भराभर वाढून सगळी जागा बळकावत होते. आता त्यांची घाई थांबते आणि बाकीच्या दिशांच्या पिल्लांना वाढायला सवड मिळते. नेमके कुठले दाणे आधी जन्मतात, कुठले मागून पुढे जातात, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांची अजून जोरदार चर्चा चालू आहे. आणि एक आनंदाची गोष्ट: ही मूलद्रव्यं महाग असतात, पण कॅल्शियमची चिमूटही बरंचसं तेच काम करते. कॅल्शियम, म्हणजे आजीच्या पानाच्या डब्यात चुना असतो ना, त्यातलं!

पण थांबा. दाणा केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढा, मग त्याचं तोंड कुठे आहे हे बघतात कसं? त्यासाठी आपल्याला मुंबईला, पवईच्या आयआयटीत जावं लागेल. तिथे याच कामासाठी एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, ‘नॅशनल फॅसिलिटी ऑफ टेक्स्चर अँड ओआयएम’. टेक्स्चर म्हणजे आपला पोत, आणि ओआयएम म्हणजे दाण्यांच्या तोंडांचा नकाशा काढायची रीत.

नखाएवढा धातूचा तुकडा आधी घासून घासून आरशासारखा करतात. मॅग्नेशियमच्या बाबतीत हे काम फार चिकाटीचं, कारण हवेत ठेवलं की ते लगेच मळतं; आरसा झाला की पटकन पुढचं काम उरकावं लागतं. मग तो तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ७० अंशांनी तिरका ठेवायचा आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सोडायचा. इलेक्ट्रॉन अणूंच्या थरांवर आपटून परत येतात आणि पडद्यावर एकमेकांना छेदणारे उजळ पट्टे उमटवतात, रात्री दोन-चार टॉर्चचे झोत एकमेकांवर पडावेत तसे. जपानचे सेइशी किकुची यांनी १९२८ मध्ये अभ्रकावर प्रयोग करताना असे पट्टे पाहिले, म्हणून ते किकुची पट्टे. दाणा कुठे तोंड करून बसला आहे, ते या पट्ट्यांच्या जाळीवरून संगणक ओळखतो. एक ठिपका झाला की झोत किंचित पुढे, मग दुसरा ठिपका, तिसरा, असे लाखो ठिपके.

आणि मग नकाशा रंगवायचा. नेहमीची पद्धत अशी: ज्या दाण्याच्या भाकरी सपाट आडव्या, तो लाल. ज्याची चळत उभी राहिली आहे तो हिरवा किंवा निळा, ती कुठल्या अंगावर उभी आहे त्याप्रमाणे. मधल्या कलांना मधले रंग. लाटलेल्या एझेड-३१ चा नकाशा पहिल्यांदा पाहिलात तर वाटेल, कुणीतरी गुलालाची पोती ओतली आहेत: लालच लाल. तापवला तरी नवे, स्वच्छ, गोलसर दाणे दिसतात, पण तेही लाल. आणि चिमूट टाकलेला पत्रा तापवून बघितला की रंगपंचमी! केशरी, जांभळा, पोपटी, निळा.

काही जण तर आणखी पुढे जातात. एकाच तुकड्यावर खूण करतात, नकाशा काढतात, थोडा वेळ तापवतात, पुन्हा बरोबर त्याच जागेचा नकाशा काढतात, पुन्हा तापवतात. मग नकाशे एकापुढे एक ठेवले की लाल रानाच्या बांधावर निळा ठिपका उगवताना, मोठा होताना आणि शेजाऱ्याला गिळताना दिसतो. बी रुजताना बघावं तसं. एकदा बघायला लागलात की तासन् तास जातात.

हे सगळं नुसतं कुतूहल म्हणून चालतं असं समजू नका. पालघर जिल्ह्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. तिथलं इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब, बारीक नळ्यांत भरलेलं असतं. झिर्कोनियमही मॅग्नेशियमच्याच घराण्यातला धातू, त्याचीही चळत तशीच. नळी घडवताना आणि तापवताना तिच्या दाण्यांची तोंडं हव्या त्याच दिशेला वळवावी लागतात, नाहीतर वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून तिला तडा जाण्याची भीती. अशा नळ्या हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होतात, आणि जळकोटहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ.

आमची ती बादली अजून आहे. तिचं बूड केव्हाच गेलं, म्हणून आजीनं तिच्यात माती भरून तुळस लावली होती. गावी गेलो की संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मी तिच्यासमोर पुन्हा उकिडवा बसतो आणि डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करून बघतो. एका अंगाला गंज चढला आहे, पण दुसऱ्या अंगावर जस्ताची फुलं अजून विझतात आणि उजळतात. आणि त्यांच्या वर, तुळशीच्या पानापानात, मॅग्नेशियम.